शुक्रवारची नाडी

चहा यांच्या मांडीवर सांडत होता आणि हे माझ्याकडे बघून हसत होते. कप हातातून पडला नव्हता, नुसता तिरका झाला होता. गरम चहाची धार पांढऱ्या लेंग्यावर चालली होती. अशा वेळी माणूस उडी मारतो, बायकोवर ओरडतो. हे हसत होते, तेही अर्ध्या तोंडानं. उजवा गाल ओघळल्यासारखा खाली आला होता.

"अहो, चहा!" मी म्हटलं.

हे काहीतरी बोलले. शब्द नव्हतेच ते. तोंडात गरम बटाटा धरून बोलावं तसा आवाज आला.

मी आधी घड्याळाकडे बघितलं. सात वाजून दहा मिनिटं. मग कप काढून घेतला आणि म्हटलं, "दोन्ही हात वर करा." पोलिसानं चोराला म्हणावं तसंच म्हटलं. डावा हात वर गेला. उजवा तिथंच राहिला, चहात.

"सूनबाई!" मी हाक मारली. ती आतल्या खोलीत ऑफिसला जायची तयारी करत होती. केस अर्धे विंचरलेले, तशीच धावत आली. "स्ट्रोक आहे. ॲम्ब्युलन्स बोलाव. सात दहाला झालं, ते सांग."

तिनं फोन लावला, पत्ता सांगितला, पासिर रिस, ब्लॉक नंबर, दहावा मजला. बोलता बोलताच पाण्याचा ग्लास पुढं केला.

"थेंबभर नाही द्यायचं," मी म्हटलं. "घशात अडकतं."

"तुम्हांला कुणी सांगितलं?"

"वर्गात."

माणसं लवकर आली. यांना चाकाच्या खुर्चीत बांधलं, लिफ्टकडे नेलं. निघताना त्यांनी औषधं बरोबर घ्यायला सांगितली. सूनबाईनं गोळ्यांची पिशवी आणि यांची नाडीची वही घेतली. मी खिडकीजवळचा बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घेतला.

"आई, बिस्किटं कशाला?"

ॲम्ब्युलन्समध्ये तो डबा मांडीवर घट्ट धरून बसले.

तो वर्ग काय आणि त्या डब्यात काय होतं, ते आता सांगते.

पाच महिन्यांपूर्वी तपासणीत यांच्या हृदयाचे ठोके बिघडलेले सापडले. आजाराचं नाव लांबलचक आहे, वर्गात सगळे नुसतं एएफ म्हणतात. हृदयाचा वरचा भाग आखडून धक्का द्यायचं सोडून थरथरत बसतो. रक्त आत साचतं, साचलं की गुठळी होते, आणि गुठळी सुटून डोक्यात गेली की माणूस आडवा. म्हणून रक्त पातळ करायची गोळी, सकाळी एक, रात्री एक, न चुकता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि दर शनिवारी अकरा वाजता स्क्रीनवर भरणाऱ्या वर्गात नाव घातलं. आठ शनिवार. घरात बसून शिकायचं.

हे भडकले. "चाळीस वर्षं मी बोटीची इंजिनं ऐकली. मला ठोके शिकवणार?"

"इंजिन बंद पडलं की सुटा भाग मागवता. तुमचा कुठून मागवू?" मी म्हटलं.

हे बोटीवर ऑइलमन होते, इंजिनाचं तेलपाणी बघायचं काम. कोकणातून मुंबई, मुंबईहून बोटीवर, आणि शेवटी इथं परदेशात, बोटी दुरुस्त करायच्या यार्डात. आता मुलगा बोटीवर असतो, इंजिनीअर आहे. घरात आम्ही दोघं आणि सूनबाई.

तिनं टॅब तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला आणि वर्ग सुरू झाला. स्क्रीनवर चौकटीचौकटींत म्हातारी माणसं. एक चिनी आजोबा होते, त्यांचं नेहमी कपाळच दिसायचं आणि वर फिरणारा पंखा. एक मलाय बाई स्वयंपाकघरातूनच यायची, हातात डाव. शिकवणारी नर्स केरळची. वर्गात इंग्रजी बोलायची. मी चौथी शिकलेली, मला काय कळणार, म्हणून मी बाजूला लसूण सोलत बसायचे.

दुसऱ्या शनिवारी ती मध्येच थांबली आणि हिंदीत म्हणाली, "वो लहसुनवाले हाथ किसके हैं?"

हे म्हणाले, "मिसेस."

"तो मिसेस को सामने बिठाओ. जब आपको कुछ होगा, फोन तो वही करेंगी ना?"

तेव्हापासून मी समोर. माझ्यासाठी ती अधूनमधून हिंदीत बोलायची, चित्रं दाखवायची. तोंड वाकडं झालं का, हात उचलतो का, बोलणं नीट आहे का, आणि वेळ. मला म्हणायची, "पहले घड़ी देखो, अम्मा. रोना बाद में." ही बाई मला आवडली. गोड बोलून वेळ घालवत नव्हती.

नाडी बघायला तिनंच शिकवली. दोन बोटं मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी, आणि तीस सेकंद मोजायचं. पन्नासहून जास्त वर्षांच्या संसारात मी यांचं मनगट असं कधी धरलं नव्हतं. धरलं असेल ते ओढून न्यायलाच. जात्यावर नवखी बाई बसली की ते कधी भरभर फिरतं, कधी अडखळतं, तशी ती नाडी. मी मोजत असताना हे गप्प बसायचे, हलायचे नाहीत. एरवी या माणसाला मी दोन मिनिटं गप्प बसलेला बघितला नव्हता.

चुका माझ्याही झाल्या. एकदा ती म्हणाली की पालेभाजी कमीजास्त करू नका, रोज सारखी खा. मी अर्धंच ऐकलं आणि पालेभाजी बंद केली. दोन आठवडे यांना नुसता दुधी आणि पडवळ. हे शेवटी वर्गात म्हणाले, "सिस्टर, आय ॲम डाइंग ऑफ दुधी." तेव्हा कळलं, तो नियम चिनी आजोबांच्या जुन्या गोळीसाठी होता. यांच्या गोळीला पालक-माठ चालतो. वर्ग पाच मिनिटं हसत होता. मलाय बाई डाव आपटून हसली.

आता वहीचं सांगते.

नर्सनं सगळ्यांना वही ठेवायला सांगितली होती. रोज सकाळ-संध्याकाळ नाडी, रक्तदाब, आणि गोळी घेतली की बरोबरची खूण. शनिवारी सकाळी सूनबाई पानाचा फोटो काढून पाठवायची. यांची वही म्हणजे बघत राहावी अशी. पट्टीनं आखलेले रकाने, निळी शाई, मोत्यासारखं अक्षर. नाडी बहात्तर, चौऱ्याहत्तर, बहात्तर.

बोटीवर इंजिनाचीही वही असते. दर पाळीला तापमान, दाब, तेल, सगळं लिहायचं. यांच्या एका बोटीवर म्हणे साहेब तपासायला येणार असला की राहिलेली पानं एका बैठकीत भरली जायची, आणि आकडे असे की इंजिन नवंकोरं वाटावं. अक्षर चांगलं म्हणून खालच्या हुद्द्यावर असूनही ते काम यांच्याकडे. हा किस्सा यांनी पाहुण्यांना शंभर वेळा सांगितला आहे आणि मी शंभर वेळा हसले आहे. त्यामुळे यांची वही बघून पहिल्यांदा शंका यायला हवी होती ती मला. नाडी मी बोटांनी मोजत होते. ती बहात्तर नव्हती.

पण त्यात काय, म्हटलं. आकडा थोडा गुळगुळीत केला तर कुणाचं बिघडतं. गोळ्या तर घेतात.

सहाव्या शनिवारी सकाळी कुकरचं हँडल सैल झालं. स्क्रू शोधायला मी यांचा तो पत्र्याचा डबा उघडला. त्यात हे नट, वायसर, खिळे ठेवतात. वर वायसरांमध्ये गोळ्या. मोजल्या. आठ.

हे दाढी करत होते. मी डबा आरशासमोर धरला.

"हे काय?"

"हळू बोल. सूनबाई आहे."

"चार दिवसांच्या गोळ्या आहेत."

"सोमवारी दाढी करताना कापलं, आठवतंय? दुपारपर्यंत रक्त थांबेना. हातावर बघ, काळेनिळे डाग. रक्त काय पाण्यासारखं करून ठेवायचं? मंगळवारपासून जरा बंद ठेवल्या."

"बाईंनी सांगितलं होतं, दाबून धरा, फोन करा, पण गोळी सोडू नका. आणि वहीत तर सगळीकडे खुणा आहेत."

"वही बाईंसाठी आहे."

"आणि गोळ्या कुणासाठी? वायसरांसाठी?"

हे जरा हसले. मग एकदम लहान तोंड करून म्हणाले, "अगं, आज नको सांगूस. आज त्या माझी वही सगळ्यांना दाखवणार आहेत. उद्यापासून घेतो. शब्द."

अकरा वाजता नर्सनं खरंच यांचं पान सगळ्या स्क्रीनभर लावलं. असं लिहायचं, म्हणाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चिनी आजोबांनी पहिल्यांदा पूर्ण तोंड दाखवलं आणि म्हणाले, "वेरी गुड, कॅप्टन! लाइक दॅट ओन्ली, लाह!" हे जन्मात कॅप्टन नव्हते. पण चूक दुरुस्त केली नाही. पाठ ताठ करून बसले. यार्ड सुटल्यापासून या माणसाला कुणी शाबास म्हटलं नव्हतं. मीही नाही.

मग नर्स मला म्हणाली, "अम्मा, आप बोलो. आप झूठ नहीं बोलतीं. दादा गोली बराबर लेते हैं ना?"

यांनी माझ्याकडे बघितलं नाही. समोरच बघत राहिले. कान मात्र लाल झाले होते.

मी म्हटलं, "हाँ."

माझी आई सांगायची, चार माणसांत नवऱ्याची चूक काढू नये. आयुष्यभर मी हे ऐकलं नाही. यांच्या मित्रांसमोर, यांच्या बहिणींसमोर, बुद्ध जयंतीला भरलेल्या हॉलमध्येसुद्धा यांना फटकारलं आहे. ऐकलं ते नेमकं त्या एका दिवशी.

शनिवारी रात्री, रविवारी, सोमवारी हे गोळीचं पाकीट काढताना दिसायचे, पाण्याचा ग्लास घ्यायचे. मी तव्याकडे तोंड फिरवायचे. डबा पुन्हा उघडला नाही. उघडला असता तर बोलावं लागलं असतं. मंगळवारी सकाळी सात दहाला चहा सांडला.

हॉस्पिटलमध्ये यांना आत नेलं, डोक्याचा फोटो काढला. मग एक तरुण डॉक्टरीण आली. चष्मा, केस बांधलेले, बोलणं भरभर. सूनबाई मला सांगत होती. डोक्यात रक्तस्राव नाही, गुठळी आहे. ती विरघळवायचं इंजेक्शन आहे, पण लवकर द्यावं लागतं. आणि रक्त पातळ करायची गोळी अंगात असेल तर देता येत नाही, डोक्यातच रक्त फुटतं.

"लास्ट डोस कधी घेतला?" डॉक्टरणीनं विचारलं.

सूनबाईनं वही उघडली. बोट ठेवून दाखवलं. काल रात्री आठ वाजता, बरोबरची खूण. डॉक्टरणीनं मान हलवली, चेहरा उतरला. म्हणाली, मग इंजेक्शन नाही, दुसरं काय करता येतं ते बघू.

हे बाजूच्या खाटेवर होते. बोलता येत नव्हतं पण ऐकू येत होतं. डोळे माझ्यावर.

"खोटं आहे ते," मी म्हटलं.

"आई?"

"वही खोटी आहे. सांग तिला. आठवडाभर गोळी घेतलेली नाही." मी डबा उघडला आणि खाटेच्या कडेवर ओतला. नट, खिळे, वायसर सगळं घरंगळलं. एक खिळा खाली पडला. मी गोळ्या वेगळ्या केल्या, मोजल्या. चौदा. "रोज दोन. मागच्या मंगळवारपासून काल रात्रीपर्यंत सात दिवस. शनिवारी सकाळी आठ होत्या, मी मोजल्या होत्या."

सूनबाई पांढरी पडली. "आई, नक्की ना? यातली एक जरी बाबांनी खाल्ली असेल आणि इंजेक्शन दिलं, तर..."

"मला कळतंय, काय होईल ते."

डॉक्टरीण डब्याकडे बघत होती, मग वहीकडे. तिचाही प्रश्न बरोबर होता. इतकी नीट वही खरी, की म्हातारीनं आणलेले खिळे खरे?

मी वही ओढून घेतली. आज मंगळवार. पुढची ओळ बुधवारची. बुधवारची नाडी लिहिलेली होती, बहात्तर. गुरुवारची चौऱ्याहत्तर. शुक्रवारची बहात्तर, सकाळ-संध्याकाळ गोळीच्या खुणांसकट. शनिवारच्या वर्गासाठी सगळा आठवडा आधीच भरून ठेवला होता.

"तिला विचार, आज वार कोणता," मी म्हटलं. "शुक्रवारची नाडी मंगळवारी कुणाला सापडते?"

सूनबाईनं सांगितलं. डॉक्टरणीनं पान जवळ घेतलं, बघितलं आणि यांच्याकडे वळून इंग्रजीत हळू विचारलं, गोळ्या घेतल्या नाहीत हे खरं का, खरं असेल तर डोळे मिटा.

हे माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, हा माणूस मरेल पण वही खोटी होती म्हणणार नाही.

"अहो," मी म्हटलं, "मी दुसऱ्यांदा खोटं बोलणार नाही. मिटा डोळे."

यांनी डोळे मिटले. पाणी बाहेर आलं, उजव्या डोळ्यातून जास्त.

रक्त काढून घाईनं तपासलं, कुणाला तरी फोन केला, सूनबाईची सही घेतली. पावणेनऊला इंजेक्शन दिलं. मग बाहेर बसायला सांगितलं. सूनबाईनं बोटीवर मुलाला निरोप धाडला आणि मग कॉफी आणली. मी प्यायले. न पिऊन यांना काय फायदा होता?

ती म्हणाली, "मला सांगायचं होतं ना, आई. शनिवारीच."

"हो," मी म्हटलं. "सांगायला हवं होतं."

तिनं कॉफीचा कप माझ्या हातातून घेतला. माझे केस सारखे केले, पदर नीट केला. तिचे स्वतःचे अजून अर्धेच विंचरलेले होते.

दुपारी आम्हांला आत सोडलं. उजव्या हाताची बोटं हलत होती. बोलायला शिकवणारी एक बाई आली होती. ती यांना म्हणत होती, काहीतरी बोला, कोणताही शब्द, तुमच्या भाषेत. यांनी पुष्कळ खटपट केली. ओठ जुळवले, सोडले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "चु... चुगलखोर."

शब्द पूर्ण आणि स्वच्छ होता. त्या बाईनं टाळ्या वाजवल्या. विचारलं, याचा अर्थ काय? सूनबाई म्हणाली, "ही इज कॉलिंग हर डार्लिंग." मी हसले ते थांबेना, आणि मग ते हसणं राहिलं नाही. तोंड पदरात घातलं.

पुढच्या शनिवारी हे हॉस्पिटलमध्येच होते. मी टॅब तांदळाच्या डब्याला टेकवून एकटीच वर्गात बसले. नर्सला सगळं कळलं होतं. मी तिला बोलू दिलं नाही. माझ्या मोडक्या हिंदीत सगळ्यांसमोर सांगितलं की मागच्या शनिवारी मी खोटं बोलले, गोळ्या डब्यात होत्या आणि मला माहीत होतं.

ती म्हणाली, "अम्मा, नोटबुक तो कोई भी भर सकता है. मैं आपकी 'हाँ' पर चल रही थी." लागलं मला. लागायलाच हवं होतं.

माझं सगळं बोलणं तिनं वर्गाला इंग्रजीत सांगितलं. मग चिनी आजोबांचं कपाळ हललं. ते काहीतरी पुटपुटले. नर्सनं पुन्हा विचारलं. म्हणाले, रविवारी ते गोळी घेत नाहीत, पोटाला सुट्टी. मलाय बाई म्हणाली, ती उपवासाच्या महिन्यात मनानंच वेळा बदलते. एकेक जण सांगत गेला. नर्स कपाळाला हात लावून ऐकत होती आणि लिहून घेत होती. तो वर्ग एक वाजेपर्यंत चालला.

आता घरात वही मीच लिहिते. अक्षर वाकडं आहे. कधी शंभर, कधी साठ, जे लागेल ते. एकदा नाडी सापडलीच नाही, तर "सापडली नाही" असं लिहिलं. गोळी माझ्यासमोर गिळायची आणि तोंड उघडून दाखवायचं. हे म्हणतात, "तुरुंगात आहे मी." मी म्हणते, "आ करा."

उजवा पाय जरा ओढतात. चहा डाव्या हातानं पितात. काही शब्द शोधावे लागतात, पण मला नावं ठेवायचे शब्द शोधावे लागत नाहीत. या वर्षी यांना एक्याऐंशी पूर्ण झाली. हे वाचले.